खालच्या दाण्यांसाठी सरकारी स्किन ओपीडी : एका पार्लरवालीचा रिव्ह्यू

माझं पार्लर आहे. दिवसभर लोकांची कातडी बघणं हाच धंदा. ब्लॅकहेड कुठला, मिलिया कुठला, वॅक्सनंतर केस आत वळून आलेली पुळी कुठली, हे मला नजरेनंच कळतं. त्यामुळे स्वतःच्याच खालच्या जागी, आतल्या ओठांच्या कडेनं बारीक दाण्यांची रांग दिसली आणि ते काय आहे हे ओळखता येईना, तेव्हा भीतीपेक्षा आधी रागच आला. दुखत नव्हते, खाजत नव्हते, वास नाही, पाणी नाही. नुसते होते. कधीपासून होते तेही सांगता येत नव्हतं, कारण तिथे आरसा धरून कोण रोज बघतंय?

हा रिव्ह्यू एका सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयातल्या त्वचा व गुप्तरोग विभागाचा आहे. त्याच्याआधी जिथे जिथे पैसे टाकले त्या जागांबद्दलही थोडं लिहिते. नावं कुणाचीच देणार नाही, माझी गिऱ्हाइकं त्याच गावातली आहेत. पण सरकारी मेडिकल कॉलेज जिथे असेल तिथे हा विभाग असतो, तेव्हा तुमच्या जिल्ह्यातही साधारण असंच चित्र दिसेल.

सुरुवात खाजगी दवाखान्यापासून. स्वच्छ, एसी, रिसेप्शनवर गोड बोलणारी मुलगी. आत टेबलावर झोपवलं, डोक्यावर छताची ट्यूबलाइट, बाजूचा फोकस दिवा भिंतीकडे तोंड करून उभा. तो लावलाच नाही. मी पार्लरमध्ये भिंगाचा दिवा ओढल्याशिवाय कुणाच्या गालावरचा दाणासुद्धा हाताळत नाही. इथे दोन हात अंतरावरून बघून निकाल आला : "एचपीव्हीचे वॉर्ट्स आहेत. कॉटरीनं जाळून टाकू. आणि मिस्टरांना जरा विचारा, बाहेर काही आहे का." वॉर्ट्स म्हणजे चामखिळी, आणि एचपीव्ही हा त्यांचा विषाणू, संबंधातून पसरणारा. मी विचारलं, हे वॉर्ट्सच आहेत हे कशावरून? उत्तर आलं, "अनुभवावरून." मग जाळायच्या पॅकेजचा आकडा हातात दिला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

त्या एका वाक्यानं घरात काय झालं ते लिहीत बसत नाही. ज्यांचं लग्न झालंय त्यांना कळेल. एवढंच सांगते की नवरा आठवडाभर हॉलमध्ये झोपला आणि सासूबाईंना वाटलं की पंख्यावरून भांडण आहे.

मधल्या काळात सगळीकडून सल्ले. ओळखीचा मेडिकलवाला, मी काही नीट सांगायच्या आतच, एक ट्यूब पुढे सरकवू लागला : "वहिनी, ही लावा, खाज, बुरशी, इन्फेक्शन, सगळ्यावर चालते." मी पाठीमागचं बारीक लिखाण वाचलं. क्लोबेटासॉल, म्हणजे कडक स्टिरॉइड, त्यात एक अँटिबायोटिक आणि एक बुरशीचं औषध मिसळलेलं. असल्या मलमांनी काय होतं ते माझ्या खुर्चीत येऊन बसतं. गोरं व्हायला म्हणून वर्षभर स्टिरॉइडची क्रीम लावलेल्या बायका मी बघते, गाल लालभडक, कातडी कागदासारखी पातळ, आतल्या शिरा दिसतायत, वर लव वाढलेली. चेहऱ्याची ही गत होते, तर खालच्या नाजूक जागी काय होईल? शिवाय नायटा असेल तर स्टिरॉइडनं तो आधी दबतो आणि मग दुप्पट पसरतो. ट्यूब परत दिली.

लॅबचंही एक पॅकेज होतं, "फुल एसटीडी पॅनेल", म्हणजे सगळ्या गुप्तरोगांची तपासणी, घरी येऊन रक्त घेणार, रिपोर्ट मोबाईलवर. यादी भली मोठी होती, पण घेतलं नाही, कारण मला दिसत होता दाणा आणि ते मागत होते रक्त. नंतर सरकारी ओपीडीतल्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं की शंका बरोबर होती. चामखिळीचा एचपीव्ही रक्तात सापडत नाही, त्याची रक्ताची तपासणीच नसते. आणि हर्पिसची जी अँटिबॉडी त्या पॅनेलमध्ये असते ती अनेकांची पॉझिटिव्ह येते, लहानपणी तोंडाच्या ओठावर त्याचे पाण्याचे फोड येऊन गेले असतील तरी येते. त्यावरून समोरचा दाणा कसला आहे ते काहीच कळत नाही. घरात आणखी एक कागद भांडायला मिळतो, इतकंच.

एका अ‍ॅपवर ऑनलाइन डॉक्टर मात्र बरे भेटले. सगळं लिहून कळवलं, फोटो पाठवू का म्हणून विचारलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, फोटोवर मी नाव देणार नाही, प्रकाश आणि फोकस बदलला की निरुपद्रवी दाणा चामखिळीसारखा दिसतो. त्वचारोगवाल्यांना प्रत्यक्ष दाखवा, स्त्रीरोगवाल्यांनाच असं नाही. फी घेऊन "मला इथून कळणार नाही" म्हणणारा माणूस मला विश्वासाचा वाटला. अ‍ॅपला माझ्याकडून पूर्ण मार्क, औषध न देण्याबद्दल.

आता सरकारी ओपीडी.

एसटीनं गेले. बायकांना अर्धं तिकीट आहे, तेवढाच खर्च. केसपेपरच्या खिडकीवर दहा-वीस रुपये. खिडकीतला माणूस विचारतो, "कुठला विभाग?" "स्किन" म्हणायचं, बास. पुढचं काही सांगावं लागत नाही. विभागाच्या दारावर मात्र भल्या मोठ्या अक्षरांत "त्वचा, गुप्तरोग व कुष्ठरोग" असा बोर्ड आहे आणि रांग बरोब्बर त्या बोर्डाखाली. पहिल्यांदा पदर डोक्यावरून घेतला. मग इकडे तिकडे बघितलं तर रांगेत निम्मी माणसं नायटा आणि खरजेची, कडेवर पोरं, कुणाच्या पायाला भेगा, कुणाचे केस गेलेले. तुम्ही कशाला आलात ते कोणीही ओळखू शकत नाही. नऊच्या आत पोचलात तर बारापर्यंत मोकळे होता. उशिरा गेलात तर जेवणाची सुट्टी आडवी येते.

आत एक तरुण रेसिडेंट, म्हणजे पुढचं शिकत काम करणारी डॉक्टर मुलगी, बसलेली. तिनं जे विचारलं ते आणि ज्या पद्धतीनं विचारलं, त्यासाठीच मी हे लिहायला बसले. दाणे पहिल्यांदा कधी दिसले, वाढतायत का, तेवढेच आहेत का, दुखतात, फुटतात, रक्त येतं? घरात कुणाला रात्री खाज सुटते का? वॅक्स, रेझर काही वापरता का? कुठलं मलम लावलंय, लावलं असेल तर नाव सांगा, रागवणार नाही. संबंध कुणाकुणाशी, हेही विचारलं, पण भाजीचा भाव विचारावा इतक्या सहज, आणि उत्तर लिहून घेऊन पुढच्या प्रश्नावर. "मिस्टरांना विचारा" वगैरे काही नाही.

मग पडद्यामागे. मॅडम आल्या, बरोबर शिकणारी चार-पाच पोरं. मॅडमनी मला विचारलं, "ताई, विद्यार्थी थांबले तर चालेल का? नाही म्हणालात तरी तपासणी तशीच होईल." मी म्हटलं, मुली थांबू देत, मुलगे बाहेर. मुलगे मुकाट गेले. हा प्रश्न विचारला गेला हे मी खास नोंदवते, कारण सरकारी म्हटलं की आपल्याला वाटतं तिथे असं कोणी विचारत नाही.

मॅडमनी दिवा ओढला, हातमोजे घातले, आणि खिशातून एक छोटं भिंगाचं यंत्र काढलं, डर्मोस्कोप. त्याच्या काचेवर स्वयंपाकघरातली पारदर्शक प्लॅस्टिकची फिल्म ताणून बसवली, पेशंटगणिक नवीन. मला ती युक्ती इतकी आवडली की दुखणं विसरून मी मान वर करून बघत होते. आधी बोटानं कडा अलगद बाजूला केल्या, दाण्यांची रांग सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितली, मग भिंग टेकवून एकेक दाणा. घाई नाही. जांघेत गाठी आहेत का ते चाचपलं, तोंड उघडायला लावून गालाच्या आतून बघितलं, तळहात, बोटांच्या बेचक्या, सगळं.

आणि मग त्या मुलींना शिकवता शिकवता मलाच शिकवलं. "बघा, दोन्ही बाजूंना सारखे आहेत. एका रांगेत आहेत. रंग आजूबाजूच्या कातडीचाच, गुलाबी. बोटाला मऊ लागतात. आणि मुख्य म्हणजे प्रत्येक दाण्याचं बूड वेगळं आहे. चामखीळ असती तर अस्ताव्यस्त उगवली असती, हाताला खरखरीत, टणक लागली असती आणि एकाच बुडातून फ्लॉवरसारखे चार फाटे फुटले असते." याला वेस्टिब्युलर पॅपिलोमॅटोसिस म्हणतात, नाव भयंकर आहे पण रोग नाही, घडणच तशी असते. संसर्ग नाही, नवऱ्याकडून आलेलं नाही, नवऱ्याला जाणार नाही. जाळायचं तर अजिबात नाही, कारण जाळल्यानं नुसते व्रण पडतील आणि दुखणं मागे लागेल. पुरुषांच्यात शिस्नाच्या टोपीच्या कडेनं मोत्यासारख्या बारीक दाण्यांची माळ असते, पर्ली पेनाइल पॅप्यूल्स, ती त्याचीच भावंडं. तरण्या पोरांच्यात ती भरपूर दिसते आणि घाबरून कित्येक जण ती घरी कापायला जातात.

मी विचारलं, आंबट पाणी लावून बघतात म्हणे, पांढरं झालं की चामखीळ? मॅडम म्हणाल्या, ॲसेटिक ॲसिड लावतात काही ठिकाणी, पण नुसती चोळली गेलेली, सोललेली कातडीसुद्धा पांढरी पडते. त्या एकट्या गोष्टीवर निकाल देत नाही. खरोखर शंका असेल, दाणा टणक असेल, काळा असेल, रक्त येत असेल, उपचारांनी हलत नसेल, तर बारीक तुकडा काढून बायोप्सीला पाठवतात. तुमच्यात तशी शंका नाही. "कशावरून" या माझ्या प्रश्नाला एवढं मोठं उत्तर मिळालं, आणि ते न विचारताच.

माझ्या अंगावर अजून दोन गोष्टी निघाल्या, ज्या मी एकातच धरल्या होत्या. बाहेरच्या ओठांवर पिवळसर राळ्याच्या दाण्याएवढे ठिपके, ते फोरडाइस स्पॉट्स, म्हणजे केसाला जोडलेल्या नसलेल्या, सुट्या तेलग्रंथी. कित्येकांच्या तोंडाच्या ओठांवरही असतात, मी गिऱ्हाइकांच्या वरच्या ओठावर थ्रेडिंग करताना रोज बघते. आणि एक लाल पुळी, ती माझीच करणी, बिकिनी वॅक्सनंतर आत वळलेला केस. म्हणजे एकाच जागेवर तीन प्रकार, आणि तिन्ही निरुपद्रवी.

मी हट्टानं विचारलं, समजा वॉर्ट्स निघाले असते तर? तेव्हा जे कळलं ते पहिल्याच दवाखान्यात कुणी सांगितलं असतं तर हॉलमधला पलंग वाचला असता. गुप्तांगावरच्या चामखिळी बहुतेक वेळा एचपीव्हीच्या ६ आणि ११ या प्रकारांनी येतात, आणि कॅन्सरशी ज्यांचा संबंध ते १६, १८ वगैरे वेगळे. विषाणू लागला आणि चामखीळ दिसली यात काही महिने जातात, कधी त्याहून पुष्कळ जास्त. त्यामुळे चामखिळीवरून तारीख आणि माणूस काढता येत नाही. लग्नाआधीचं असू शकतं, कुणाचंही असू शकतं. उपचार आहेत, गोठवणं, कॉटरी, लावायची औषधं, आणि पहिल्या काही महिन्यांत पुन्हा उगवल्या तर तोही नवा गुन्हा नसतो. तेवढ्यात मॅडमनी विचारलं, "मुलगी किती वर्षांची?" तेरा. मग एचपीव्हीची लस सांगितली. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून मिळते, ६, ११, १६, १८ या चारही प्रकारांवर आहे, चौदापर्यंतच्या मुलींना दोनच डोस लागतात. मुलग्यांनाही देता येते, हे मला नवीन होतं.

शेवटी म्हणाल्या, काही चाचण्या करायच्या असतील तर मोफत आहेत, सक्ती नाही. शेजारीच सुरक्षा क्लिनिक, म्हणजे गुप्तरोगांचं सरकारी केंद्र. समुपदेशक ताई एका खोलीत बसतात, दार लागतं, हे महत्त्वाचं. एचआयव्हीच्या तपासणीआधी त्यांनी समजावून सांगितलं, संमतीवर सही घेतली. २०१७ च्या कायद्यानं संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही आणि निकाल बाहेर सांगता येत नाही, हे त्यांनीच सांगितलं. सिफिलिससाठीही त्याच रक्तातून बघितलं. फळीवर रंगीत डबे मांडलेले, करडा, हिरवा, पांढरा, निळा, लाल, पिवळा, काळा. मी कुतूहलानं विचारलं. प्रत्येक रंग एका तक्रारीचा, कुठला अंगावरून जाण्याचा, कुठला जखमेचा, कुठला ओटीपोटात दुखण्याचा. दाण्यांसाठी डबा नाही. ताई म्हणाल्या, दाण्यांना डोळेच लागतात. ज्यांना तिथवर जाणं जमत नाही त्यांच्यासाठी १०९७ हा फुकट फोन नंबर आहे, मराठीत बोलतात.

पुढच्या खेपेला नवऱ्याला घेऊन गेले. म्हणजे तोच आला, आणि बसमध्ये हळूच म्हणाला, मला पण काहीतरी दाखवायचंय. लग्नाआधीपासून त्याच्या अंडकोषाच्या कातडीवर काळसर-लाल बारीक ठिपके आहेत, खाजवलं की रक्त येतं, आणि हा माणूस इतकी वर्षं अंधारात कपडे बदलत होता. मला वाटायचं लाजाळू आहे! पुरुषांच्या खोलीतला रेसिडेंट जरा घाईत होता, पण दिवा लावून, भिंग टेकवून बघितलंन. अँजिओकेराटोमा, रक्ताच्या बारीक नळ्या फुगलेल्या, वयाप्रमाणे वाढतात, काही करायचं नाही, फार रक्त आलं तर या. याच्याही नावात फोरडाइस आहे. जॉन फोरडाइस नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १८९६ साली माझे पिवळे ठिपकेही लिहून ठेवले आणि नवऱ्याचे लाल ठिपकेही. दोघांच्या केसपेपरवर एकच आडनाव. बाहेर येऊन आम्ही वडापाव खाल्ला आणि बऱ्याच दिवसांनी एकत्र हसलो.

आता तक्रारी. पडदा. तो पूर्ण ओढला जात नाही, दोन कड्या तुटलेल्या आहेत, मी एका हातानं धरून ठेवला होता. डर्मोस्कोप घेऊ शकता तर दोन कड्या लावता येत नाहीत? दुसरं, तपासणीला बाईच मिळेल याची खात्री नाही. माझ्या वेळी होत्या, पण आधी विचारून ठेवावं की मॅडमचा वार कुठला. तिसरं, औषधाच्या खिडकीवरचा माणूस कागद वाचून मोठ्यानं विभागाचं नाव पुकारतो. एक पोरगा नाव ऐकून औषध न घेताच निघून गेला, मी स्वतः पाहिलं. याचं काहीतरी करायला हवं, कारण त्याला कदाचित खरंच औषधाची गरज असेल. आणि चौथं, दर वेळी रेसिडेंट बदलतो, त्यामुळे केसपेपर हरवू नका आणि रोगाचं निदान त्यावर पूर्ण नावानिशी लिहून मागा. माझ्यावर लिहिलंय, औषधाच्या रकान्यात आडवी रेघ आहे. पहिल्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या पॅकेजच्या कागदावर मात्र रोगाचं नाव कुठेच नव्हतं, फक्त रक्कम.

या सगळ्यानंतर पार्लरमध्ये एक नियम केलाय. बिकिनी वॅक्सला आलेल्या बाईच्या जागेवर दाणे दिसले तर वॅक्स करत नाही. विशेषतः मोत्यासारखे गुळगुळीत आणि मध्ये खळगा असलेले, कारण ते मोलस्कम असू शकतं. तो देवीच्या विषाणूच्या कुळातला, कातडीला कातडी लागून आणि रेझर-वॅक्सनं पसरणारा, आपोआप जाणारा पण महिनोन्‌महिने घेणारा. मी नाव सांगत नाही, ते माझं काम नाही. "स्किनला दाखवून या, मग करू" एवढंच. काही जणी रागावतात, एक दुसऱ्या पार्लरला गेली. जाऊ दे. फक्त दोन गोष्टींना मी थांबू नका म्हणते. एक, न दुखणारी जखम, खड्ड्यासारखी. मॅडम म्हणाल्या होत्या, दुखत नाही म्हणून बरी होईल असं वाटतं, आणि सिफिलिस नेमका तिथेच फसवतो, जखम भरते पण आजार आत राहतो. दुसरी, पाण्यानं भरलेल्या फोडांचा झुबका, आग होणारा. तो फुटायच्या आत दाखवला तर निदान सोपं जातं.

मार्क द्यायचे तर तपासणीला पाचपैकी पाच, समजावण्याला पाच, सुरक्षा क्लिनिकला पाच, रांगेला तीन, पडद्याला शून्य. पैसे वाचले हे खरं, पण फुकट म्हणून मी हे लिहीत नाहीये. खाजगीत चांगले त्वचारोगतज्ज्ञ आहेत, एमडी किंवा डिप्लोमा त्वचा-गुप्तरोगातला आहे का तेवढं पाटीवर बघा, आणि आत गेल्यावर ते दिवा लावतात का ते बघा. नाही लावला तर सांगा लावायला.

आणि जायचं ठरवलंत तर आदल्या दिवशी वॅक्स करून जाऊ नका. धंदा माझाच बुडतोय, पण सोललेली, लाल झालेली कातडी बघून डॉक्टरांनाही नीट सांगता येत नाही. मलम लावत असाल तर त्याची ट्यूब पर्समध्ये टाका, चेपलेली असली तरी चालेल, नाव वाचता आलं पाहिजे.